जुन्या फियाट आणि पद्मिनीसाठी जुळणारे साइड मिरर कसे शोधावेत

मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा आहे. शेवटच्या काळ्या-पिवळ्या प्रीमियर पद्मिनीची नोंदणी 29 ऑक्टोबर 2003 रोजी झाली होती, त्यामुळे 30 ऑक्टोबर 2023 पासून पद्मिनी टॅक्सी म्हणून रस्त्यावर येणे बंद झाले. खासगी मालकांनी जपलेल्या फियाट आणि पद्मिनी मात्र अजूनही धावत आहेत, आणि त्यांच्या मालकांपुढचा प्रश्न पूर्वीपेक्षा अवघड झाला आहे. टॅक्सी होत्या तोवर या गाड्यांच्या सुट्या भागांना रोजचे गिऱ्हाईक होते आणि दुकानदारही माल ठेवत असत. आता जो माल उरला आहे तो जुन्या साठ्यातला आहे, भंगारातला आहे किंवा ‘सगळ्या गाड्यांना चालतो’ असे सांगून विकला जाणारा आहे.

या सगळ्यात साइड मिरर हा भाग सर्वांत आधी मोडतो. अरुंद गल्लीत उभ्या असलेल्या गाडीला स्कूटरच्या हँडलचा धक्का पुरतो. बदली आरसा घेताना बहुतेक जण दुकानात जाऊन गाडीचे नाव सांगतात आणि दुकानदार देईल तो खोका घेऊन घरी येतात. मग बैठकीची छिद्रे जुळत नाहीत, आरसा ड्रायव्हरकडे पुरेसा वळत नाही किंवा गाडी साठच्या वेगाला गेली की काच इतकी थरथरते की मागे ट्रक आहे की टेम्पो हे कळत नाही. खोक्यावरचे नाव हा जुळणीचा सर्वांत कच्चा पुरावा आहे. आरसा जुळतो तो मापाने, म्हणून मोजमाप आधी करावे आणि शोध नंतर घ्यावा. पुढे दिलेली पद्धत फियाट-पद्मिनी डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे, परंतु ॲम्बॅसेडर, स्टँडर्ड हेराल्ड किंवा परदेशी जुन्या गाडीलाही ती थोड्या फरकाने लागू पडते.

गाडी कोणती, आणि तिच्यावर आधी काय होते

कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात 1954 च्या सुमारास फियाट 1100 तयार होऊ लागली. त्या जुन्या गोलसर गाड्यांना आपल्याकडे लोक ‘डुक्कर फियाट’ म्हणतात. 1964 मध्ये ‘डिलाइट’ आली, आणि पुढे सत्तरच्या दशकात तोच सांगाडा प्रीमियर पद्मिनी या नावाने विकला जाऊ लागला. आरशाच्या दृष्टीने या दोन पिढ्यांमधला सर्वांत महत्त्वाचा फरक दाराचा आहे. डुक्कर फियाटची पुढची दारे मागच्या बाजूने बिजागरीवर असतात आणि पुढच्या कडेने उघडतात. अशा दाराच्या पुढच्या कोपऱ्यावर आरसा बसवला, तर दार उघडताना तो सर्वांत लांबचा फेरा घेतो आणि शेजारच्या भिंतीवर किंवा गाडीवर आपटतो. म्हणून त्या गाड्यांना मडगार्डवरचा आरसा किंवा पट्टीने पकडणारा, सहज काढता येणारा आरसा अधिक योग्य ठरतो. डिलाइट आणि पद्मिनीची दारे नेहमीसारखी पुढून बिजागरीवर असल्यामुळे त्यांना दारावरचा आरसा निर्धास्तपणे चालतो.

आपल्या गाडीवर मूळचा आरसा कोणता होता याचा शोध घेताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. त्या काळातील अनेक गाड्यांवर डावा आरसा कधी नव्हताच, आणि उजवा आरसाही पुष्कळदा गाडी घेतल्यानंतर ॲक्सेसरीच्या दुकानातून बसवून घेतला जात असे. त्यामुळे एकाच वर्षाच्या दोन गाड्यांवर दोन वेगवेगळे आरसे सापडणे स्वाभाविक आहे आणि त्यांतला एक खरा, दुसरा खोटा असे मानण्याचे कारण नाही. खरा पुरावा गाडीच्या पत्र्यात असतो. दाराच्या आतले अस्तर, म्हणजे ट्रिम पॅड, काढून पत्र्याच्या आतल्या बाजूवर हात फिरवावा. कारखान्यात किंवा काळजीपूर्वक पाडलेल्या छिद्राची कड स्वच्छ असते आणि आत मजबुतीची पट्टी किंवा अडकवलेला नट सापडू शकतो. नंतर घाईने पाडलेल्या छिद्राभोवती पत्रा किंचित आत दबलेला असतो, कडेला गंज असतो, आणि कधी पुट्टी भरून ते बुजवलेले असते. घरातील जुने फोटोही पाहावेत. लग्नाच्या किंवा सहलीच्या फोटोत गाडीचा पुढचा भाग हमखास येतो आणि त्यात आरसा दारावर होता की मडगार्डवर, गोल होता की चौकोनी, एवढे तरी निश्चित होते.

नियमांचे भानही येथेच ठेवावे. पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते आणि त्या वेळी गाडी तपासली जाते. आरसा तुटलेला किंवा पारा उडालेला असेल तर तो आधीच बदलून घेणे शहाणपणाचे ठरते. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षांहून अधिक काळ झालेल्या गाडीसाठी 2021 पासून ‘व्हीए’ मालिकेतील वेगळ्या नोंदणीची सोय आहे. त्या वाटेने जायचे असेल, तर सांगाडा, बॉडी आणि इंजिन यांत मोठा बदल झालेला चालत नाही. आरसा हा त्या मानाने लहान भाग आहे, तरीही मेळाव्यात परीक्षणासाठी गाडी उभी करायची असेल तर काळाशी विसंगत आरसा लगेच नजरेत भरतो. रोज चालवायची गाडी आणि प्रदर्शनात न्यायची गाडी यांच्यासाठी निवड वेगळी असू शकते, हे आधीच ठरवून टाकावे.

मापे घेणे

साहित्य फार लागत नाही. व्हर्नियर कॅलिपर, स्टीलची पट्टी, पातळ कोरा कागद, मऊ पेन्सिल, चिकटपट्टी, आट्यांचा गेज आणि हातभर लांबीची सोल्डरची मऊ तार एवढे पुरते.

प्रथम बैठकीचा छाप घ्यावा. जुना आरसा काढल्यावर दारावर त्याच्या तळाची रेघ रंगात उमटलेली दिसते. तिच्यावर पातळ कागद चिकटपट्टीने ताणून बसवावा आणि पेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने घासत जावे. छिद्रांच्या कडा गडद उमटतात, तळाची रेघही स्पष्ट होते. या छापावर छिद्रांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचे अंतर मोजावे. मध्य अंदाजाने धरण्यापेक्षा एका छिद्राच्या डाव्या कडेपासून दुसऱ्या छिद्राच्या डाव्या कडेपर्यंत मोजणे अधिक बिनचूक असते, मात्र दोन्ही छिद्रे सारख्या व्यासाची आहेत याची आधी खात्री करावी. अर्ध्या मिलिमीटरपर्यंतचा फरक तळाच्या छिद्राला कानस मारून सामावून घेता येतो. त्याहून अधिक फरक असल्यास दाराचे छिद्र लांबट करण्याचा मोह होतो, तो टाळावा. पत्रा एकदा कापला की परत येत नाही, आणि आरशाच्या तळाखाली न झाकले गेलेले लांबट छिद्र म्हणजे पावसाच्या पाण्याला दिलेली वाट असते.

दुसरे माप पत्र्याच्या बाकाचे. दार सपाट दिसले तरी ते वरून खाली आणि पुढून मागे असे दोन्ही दिशांनी वळलेले असते, आणि मडगार्डवर तर हा बाक फारच ठळक असतो. सोल्डरची तार पत्र्यावर दाबून तिला तोच आकार द्यावा, मग ती अलगद उचलून कागदावर ठेवावी आणि तिच्या कडेने रेघ ओढावी. हे उभे आणि आडवे असे दोनदा करावे. नवीन आरशाचा तळ या रेघेवर धरून पाहिला की तो कुठे टेकतो आणि कुठे अधांतरी राहतो हे क्षणात कळते. दीड-दोन मिलिमीटरची फट रबरी पॅड भरून काढते. त्यापेक्षा मोठी फट असलेला आरसा स्क्रू आवळताना एकतर स्वतः तडकतो किंवा पत्रा ओढून घेतो.

तिसरे माप दांडीचे आहे. दाराच्या पृष्ठभागापासून काचेच्या आतल्या कडेपर्यंतचे अंतर आणि तळापासून काचेच्या मध्यापर्यंतची उंची नोंदवावी. दांडी आखूड असेल तर आरशाचा मोठा भाग गाडीच्याच मागच्या दाराने व्यापला जातो, आणि लांब असेल तर थरथर वाढते व गल्लीत धक्का लागण्याचा धोकाही वाढतो. फियाटची रुंदी दीड मीटरपेक्षाही थोडी कमी आहे, त्यामुळे तिला फार लांब दांडी लागत नाही. मोठ्या परदेशी गाडीसाठी बनवलेला लांब दांडीचा आरसा तिच्यावर बेढब दिसतो आणि कामालाही वाईट असतो.

आट्यांकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. फियाट मूळची इटालियन, म्हणून तिच्यावर मेट्रिक आटे अपेक्षित असतात. मॉरिस ऑक्सफर्डच्या वंशातील ॲम्बॅसेडरवर आणि इंग्लंडमधून आलेल्या आरशांवर इंची आटे भेटू शकतात. घोटाळा होतो तो जवळच्या मापांमुळे. पाच मिलिमीटरच्या मेट्रिक स्क्रूचा व्यास 5 मिमी आणि आट्यांमधले अंतर 0.8 मिमी असते, तर इंची मापातील दहा-बत्तीस या स्क्रूचा व्यास 4.83 मिमी आणि अंतर 0.79 मिमी असते. इंची स्क्रू मेट्रिक नटात सहज शिरतो, घट्ट झाल्यासारखाही वाटतो, आणि काही दिवसांच्या थरथरीनंतर सैल होऊन बाहेर येतो. सहा मिलिमीटर आणि पाव इंच यांची गल्लतही अशीच होते, फक्त तेथे जाड स्क्रू बळाने फिरवल्यामुळे नटाचे आटे मरतात. म्हणून आरशासोबत त्याचे स्वतःचे स्क्रू मागून घ्यावेत, आणि ते नसतील तर आट्यांच्या गेजने खात्री करूनच नवे घ्यावेत.

काच सपाट असावी की बहिर्गोल

सपाट काचेत मागची गाडी जेवढी लांब असते तेवढीच लांब वाटते, पण दिसणारा पट्टा अरुंद असतो. बहिर्गोल काचेत पट्टा रुंद होतो, परंतु वस्तू लहान आणि म्हणून दूर भासतात. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो. उजवा आरसा डोळ्यांच्या जवळ असतो, त्यामुळे तेथे सपाट किंवा अगदी कमी बाक असलेली काच चांगली चालते, आणि ओव्हरटेक करताना मागून येणाऱ्या गाडीच्या अंतराचा अंदाज चुकत नाही. डावा आरसा डोळ्यांपासून लांब असल्यामुळे तेथे सपाट काचेत फारच थोडे दिसते. डावीकडून घुसणाऱ्या दुचाकी लक्षात घेता डावा आरसा बहिर्गोलच असावा, असे माझे ठाम मत आहे. दोन्हीकडे एकसारखी काच लावण्याचा हट्ट दिसायला छान असला तरी डाव्या बाजूला तो धोक्याचा आहे.

यातूनच परदेशी मालाची सर्वांत मोठी अडचण उद्भवते. अमेरिकेच्या नियमानुसार ड्रायव्हरच्या बाजूची काच सपाट असावी लागते. दुसऱ्या बाजूला बहिर्गोल काच लावली तर तिच्या बाकाची त्रिज्या 889 ते 1651 मिमीच्या दरम्यान असावी लागते आणि तिच्यावर वस्तू दिसतात त्यापेक्षा जवळ आहेत अशी सूचना कोरलेली असते. तेथे ड्रायव्हर डावीकडे बसतो. म्हणजे अमेरिकन जोडी जशीच्या तशी आपल्या गाडीला लावली, तर सपाट काच डावीकडे जाते आणि सूचनेसह बहिर्गोल काच ड्रायव्हरच्या शेजारी येते, नेमकी उलट. इटली किंवा जर्मनीतून आलेल्या जुन्या आरशांत काच बदलणे तुलनेने सोपे असते, पण तेथेही ड्रायव्हर डावीकडेच असल्यामुळे दांडीचा आणि गोळीच्या सांध्याचा, म्हणजे आरसा हव्या त्या दिशेला फिरवू देणाऱ्या जोडाचा, कल तपासावा लागतो. उजव्या बाजूचा म्हणून विकलेला आरसा तेथे प्रवाशाच्या बाजूचा असतो आणि दूर बसलेल्या ड्रायव्हरकडे पाहण्यासाठी तो अधिक आत वळलेला असतो. आपल्याकडे उजव्या दारावर तो लावल्यास सांधा शेवटपर्यंत फिरवूनही काच आपल्याला हवी तेवढी बाहेर वळत नाही. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका आणि जपान येथे मात्र ड्रायव्हर आपल्यासारखाच उजवीकडे बसतो, म्हणून तेथील जोडी या एका बाबतीत निर्वेध असते.

दुकानात काच बहिर्गोल आहे का, आणि असल्यास किती, हे मोजता येते. दहा सेंटिमीटर लांबीची सरळ स्टीलची पट्टी काचेवर अशी ठेवावी की तिचा मध्य काचेला टेकेल आणि दोन्ही टोके सारखी उचललेली राहतील. काच सपाट असेल तर टोकांखाली फटच राहत नाही. बहिर्गोल असेल तर गॅरेजमध्ये प्लगचे अंतर मोजायला वापरतात तो फीलर गेज घेऊन टोकाखालची फट मोजावी. फट 1 मिमी भरली तर त्रिज्या सुमारे 1250 मिमी. 0.6 मिमी भरली तर सुमारे 2080 मिमी, म्हणजे बाक सौम्य आहे. 1.4 मिमी भरली तर त्रिज्या 900 मिमीच्या खाली गेली, आणि अशा काचेत मागचा ट्रक एखाद्या खेळण्याएवढा दिसतो. हिशेब असा की पट्टीच्या अर्ध्या लांबीचा वर्ग करावा आणि त्याला फटीच्या दुपटीने भागावे. युरोपीय नियमांत प्रवासी गाडीच्या बाहेरच्या मुख्य आरशासाठी किमान 1200 मिमी त्रिज्या सांगितली आहे. डाव्या बाजूला 1200 ते 1800 मिमीच्या दरम्यानची काच मला सर्वांत समतोल वाटते.

कुठे शोधावे

मुंबईत ऑपेरा हाउसजवळच्या फ्रेंच ब्रिज भागातील सुट्या भागांची दुकाने आणि कुर्ल्याचा सीएसटी रोड ही पहिली ठिकाणे. ऑपेरा हाउसकडे जुन्या साठ्यातला न वापरलेला माल मिळण्याची आशा असते, तर कुर्ल्याला उतरवलेल्या गाड्यांचे भाग मिळतात. पुण्यात नाना पेठेतील दुकाने आणि बुधवारी व रविवारी भरणारा जुना बाजार पाहावा. जुन्या बाजारात आरसा एकेकटा मिळतो, जोडी क्वचितच, म्हणून छाप घेतलेला कागद आणि तारेच्या आकाराची रेघ खिशात असल्याशिवाय तेथे जाऊ नये. महाराष्ट्राबाहेर दिल्लीचे काश्मिरी गेट, चेन्नईचे पुदुपेट आणि कोलकात्याचा मलिक बाजार येथे जुन्या गाड्यांचे भाग मिळतात. ॲम्बॅसेडरसाठी कोलकात्याकडे अधिक लक्ष द्यावे, कारण ती गाडी 2014 पर्यंत तेथून जवळच हिंदमोटरला तयार होत होती आणि टॅक्सी म्हणूनही तिथेच सर्वाधिक रुळली.

दुकानदाराशी बोलताना ‘फियाटचा आरसा आहे का’ एवढेच विचारू नये. छिद्रांमधले अंतर, दांडीची लांबी, काचेचा आकार आणि बाजू सांगून विचारावे. असे विचारल्यावर जाणता दुकानदार दुसऱ्याच गाडीचा, पण तंतोतंत बसणारा आरसा काढून देतो. त्या काळात बाहेरच्या कारखान्यांत बनलेले सर्वसाधारण आरसे अनेक गाड्यांवर लागत असत, त्यामुळे जीप, मॅटाडोर किंवा ट्रॅक्टरसाठी ठेवलेल्या मालातही उपयोगी वस्तू सापडू शकते.

दूरच्या विक्रेत्याकडून माल मागवायचा असल्यास चार फोटो मागावेत: समोरून, मागून, तळाच्या खालून आणि वरून. प्रत्येक फोटोत आरशाला टेकवून ठेवलेली मोजपट्टी दिसली पाहिजे, आणि तळाचा फोटो अगदी सरळ वरून घेतलेला असावा, कारण तिरप्या फोटोत माप लपते. गोळीचा सांधा हलवून दाखवणारा छोटा व्हिडिओ मिळाला तर उत्तम. परदेशातून मागवताना ब्रिटिश बाजारात लुकास, टेक्स, डेस्मो, विंगार्ड ही नावे भेटतात, इटालियन बाजारात विटालोनी आणि जर्मन बाजारात टॅलबोट. नावाबरोबरच ‘त्याच धर्तीचा’ असा उल्लेख विक्रेत्याने केला असेल तर ती नक्कल असते. नक्कल वाईटच असते असे नाही, पण तिच्यासाठी अस्सलची किंमत देऊ नये. पार्सलवर सीमाशुल्क लागते, हे किमतीत आधीच धरावे. परदेशातून येणाऱ्या नातलगांकडे वस्तू द्यायची असल्यास काच वेगळी काढून कपड्यांत गुंडाळून आणायला सांगावे.

शोध लांबत असेल आणि जुना आरसा निव्वळ काच फुटल्यामुळे बाद झाला असेल, तर तो फेकू नये. कवचाच्या आतल्या आकाराचा पुठ्ठ्याचा साचा कापून तो काचवाल्याकडे दिला की सपाट काच तासाभरात मिळते. पुठ्ठा काचेच्या जागी बसवून पाहावा आणि तो सर्व बाजूंनी एक मिलिमीटर मोकळा राहील इतका लहान करावा, नाहीतर उन्हाने कवच आणि काच यांच्या प्रसरणातील फरकामुळे काच कोपऱ्यातून तडकते. बहिर्गोल काच मात्र त्याच बाकाच्या मोठ्या आरशातून, उदाहरणार्थ टेम्पोच्या आरशातून, कापून घ्यावी लागते आणि ते काम सवयीच्या हाताकडेच द्यावे.

हातात घेऊन तपासणी

आरसा हातात आल्यावर पहिले काम लोहचुंबक लावण्याचे. चुंबक चिकटला तर कवच लोखंडी पत्र्याचे आहे, आणि ते पुन्हा निकेल-क्रोम करून घेता येते. चिकटला नाही आणि वस्तू हाताला जड लागली तर ती बहुधा जस्ताच्या ओतकामाची किंवा पितळेची असते. पितळ उत्तम, त्यावर प्लेटिंग सुरेख बसते. जस्ताचे ओतकाम नीट निरखावे. क्रोमवर मोहरीएवढे फुगवटे आले असतील तर आतला धातू खात चालला आहे असे समजावे. प्लेटिंगवाला ते घासून देतो, पण खड्डे भरण्यासाठी तांब्याचे थर चढवावे लागतात आणि खर्च बराच वाढतो. चुंबकही चिकटत नाही आणि वजनही नाही, तर ते क्रोम केलेले प्लास्टिक आहे. आपल्याकडच्या उन्हात त्याची चमक फार काळ टिकत नाही.

यानंतर सांधा पाहावा. तळ एका हातात घट्ट धरून दुसऱ्या हाताने कवच हलवावे. ते जोर लावल्यावर सावकाश आणि सारखे फिरले पाहिजे. झटके घेत फिरत असेल तर आत गंज आहे, आणि स्वतःच्या वजनाने खाली झुकत असेल तर स्प्रिंग किंवा रबर संपलेले आहे. काही आरशांत मागे आवळण्याचा स्क्रू असतो, तेथे हा दोष सहज निघतो. सांधा रिव्हेट मारून कायमचा बंद केलेला असेल, तर असा सैल आरसा कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. शेवटी काच उजेडात तिरपी धरून कडेने पारा उडालेला आहे का ते पाहावे. कडेला काळे ठिपके असणे चालते, मध्ये असल्यास काच बदलावी लागेल असे धरूनच भाव करावा.

छिद्र पाडण्यापूर्वी आणि नंतर

जुनी छिद्रे जुळत असतील तर काम सोपे आहे. डावा आरसा प्रथमच बसवायचा असेल तर घाई करू नये. आरसा दुहेरी चिकटपट्टीने तात्पुरता लावावा, सीट आपल्या रोजच्या जागी आणावी आणि मान फारशी न वळवता काच दिसते का ते पाहावे. पुढच्या दाराच्या लहान तिकोनी काचेची चौकट अनेकदा आरशाच्या आड येते. आरसा दोन बोटे पुढे किंवा मागे सरकवला की तो चौकटीतून मोकळा होतो. मडगार्डवरचा आरसा विंडस्क्रीनमधून दिसतो, म्हणून नजर फार वळवावी लागत नाही, पण तो डोळ्यांपासून लांब असल्यामुळे त्यात प्रतिमा लहान येते. जपानमध्ये 1983 पर्यंत असेच पुढचे आरसे सक्तीचे होते, तेव्हा ही पद्धत निरुपयोगी म्हणता येत नाही, फक्त तिच्यासाठी काच पुरेशी मोठी हवी.

जागा ठरली की दाराची काच पूर्ण वर चढवावी, म्हणजे ड्रिल तिच्यावर आदळणार नाही. आतले अस्तर काढून काच चढवणारी यंत्रणा आणि काचेची खोबण नियोजित जागेच्या मागे नाहीत याची खात्री करावी. पत्र्यावर कागदी चिकटपट्टी लावून तिच्यावर छाप ठेवावा, मध्य पंचने टोचावा, आधी 3 मिमीचे छिद्र पाडावे आणि मग टप्प्याटप्प्याने मोठे करावे. दाराचा पत्रा एकटा आरशाचा भार पेलत नाही, आणि थरथरीचे मूळ पुष्कळदा आरशात नसून या लेच्यापेच्या पत्र्यात असते. आतून दीड ते दोन मिलिमीटर जाडीची, आरशाच्या तळापेक्षा थोडी मोठी लोखंडी पट्टी लावली की फरक लगेच जाणवतो.

छिद्राच्या उघड्या कडांना जस्तयुक्त प्रायमर आणि त्यावर रंग लावावा, आणि तो पूर्ण वाळल्याशिवाय आरसा बसवू नये. कोकणातील किंवा घाटमाथ्यावरील पावसात हाच टप्पा दाराचे आयुष्य ठरवतो. तळाखाली रबरी पॅड हवाच. तो मिळत नसेल तर 2 मिमी जाडीच्या रबरी शीटमधून छापाप्रमाणे कापून घ्यावा. स्टेनलेस स्क्रू वापरल्यास त्यांना थोडे ग्रीस लावावे आणि नायलॉनचा वायसर घालावा, कारण स्टेनलेस आणि जस्ताचे ओतकाम ओलाव्यात एकमेकांना लागले की जस्त खाल्ले जाते. अस्तर परत लावण्यापूर्वी दाराच्या तळाची पाणी जाण्याची भोके मोकळी करून घ्यावीत.

खडूची चाचणी

आरसा योग्य दिसतो की नाही हे मोकळ्या, सपाट जागेत पारखावे. ड्रायव्हरच्या डोळ्यांपासून मागे 4 मीटरवर, गाडीच्या कडेपासून बाहेर 1 मीटरपर्यंत खडूने रेघ ओढावी. मग डोळ्यांपासूनच 20 मीटर मागे, त्याच कडेपासून बाहेर 4 मीटर रुंदीची दुसरी रेघ ओढावी. दोन्ही बाजूंच्या आरशांत या रेघा पूर्ण दिसल्या पाहिजेत. आजच्या युरोपीय नियमांत प्रवासी गाडीसाठी हेच क्षेत्र धरलेले आहे. जुन्या लहान गोल आरशात दूरची रेघ अनेकदा कडेला कापली जाते, आणि ती कापली गेली तर आरसा कितीही देखणा असला तरी तो प्रदर्शनापुरता ठेवून रोजच्या वापरासाठी मोठ्या काचेचा घ्यावा. काचेचा कोन असा लावावा की गाडीची स्वतःची कड आतल्या बाजूला बोटभर दिसेल आणि क्षितिज काचेच्या मध्याच्या थोडे वर येईल.

इंजिन सुरू करून गाडी जागेवर उभी असताना काचेतल्या एखाद्या पाटीवर नजर ठेवावी, आणि नंतर रस्त्यावर साठच्या वेगाला पुन्हा पाहावे. जागेवर थरथर असून वेगात ती थांबत असेल तर दोष इंजिनच्या माउंटिंगकडे असण्याची शक्यता अधिक. वेगात थरथर वाढत असेल तर दांडी लांब आहे, सांधा सैल आहे किंवा आतली पट्टी अपुरी आहे. पहिल्या दीडदोनशे किलोमीटरनंतर स्क्रू पुन्हा एकदा आवळावेत, कारण रबरी पॅड दबून बसतो. छापाचा कागद, बाकाची रेघ आणि आट्यांचे माप गाडीच्या कागदपत्रांसोबत जपून ठेवावे, आणि त्याच साच्यावरून एक जादा काच कापून कापडात गुंडाळून घरी ठेवावी.